२८७ ओळींची यादी : विधानसभेच्या एका सदस्यसूचीचं प्रकरण

जुलै २०२२ मध्ये स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांसाठी निघणाऱ्या एका वार्षिकीचं काम आम्ही करत होतो. त्यात दरवर्षी आठ पानांचं एक प्रकरण असतं : महाराष्ट्र विधानसभेचे सदस्य आणि पदाधिकारी. सगळ्या पुस्तकात सोपं समजलं जाणारं काम हेच. मागच्या वर्षीची फाइल उघडायची, चार नावं बदलायची आणि पुढे जायचं. त्या वर्षी या आठ पानांनी आमचे नऊ दिवस खाल्ले. काय झालं, कुठे चुकलो आणि कुठे नशिबाने वाचलो, ते पुढे लिहिलं आहे. प्रकाशनाचं आणि सहकाऱ्यांचं नाव मुद्दाम घातलेलं नाही.

पार्श्वभूमी

चौदावी विधानसभा ऑक्टोबर २०१९ मध्ये निवडून आली. जागा २८८. निकालाच्या दिवशी भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४, अपक्ष १३ आणि उरलेले १६ लहान पक्षांचे. २०२० पर्यंत आमच्या तक्त्याच्या तळाशी अँग्लो-इंडियन समाजाच्या नामनियुक्त सदस्याची एक ओळ असायची. १०४ व्या घटनादुरुस्तीने ती पद्धत २५ जानेवारी २०२० पासून संपली, म्हणून ती ओळ काढली. तेव्हा वाटलं होतं, या विधानसभेतला आपल्या कामाचा सगळ्यात मोठा बदल हाच असणार.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून भरभर सांगतो. राष्ट्रपती राजवट, पहाटेचा शपथविधी, मग महाविकास आघाडीचं सरकार. नाना पटोले १ डिसेंबर २०१९ ला बिनविरोध अध्यक्ष झाले आणि ४ फेब्रुवारी २०२१ ला राजीनामा देऊन प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष झाले. तेव्हापासून विधानसभेच्या अध्यक्षांची खुर्ची रिकामी होती. डिसेंबर २०२१ मध्ये नियम बदलून गुप्त मतदानाऐवजी खुलं मतदान आणलं, तरी राज्यपालांकडून निवडणुकीची तारीख आली नाही. मे २०२२ मध्ये आमची पहिली प्रूफं निघाली, त्यात ‘अध्यक्ष : रिक्त’ असं छापलं होतं आणि ते बरोबर होतं.

मग २० जूनला विधान परिषदेची निवडणूक झाली आणि त्या रात्रीनंतर सगळंच हललं. एकनाथ शिंदे यांच्यासोबत शिवसेनेच्या आमदारांचं बंड, सुरत, गुवाहाटी, २९ जूनला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांचा राजीनामा, ३० जूनला शिंदे यांचा मुख्यमंत्री म्हणून शपथविधी. ३ आणि ४ जुलैला दोन दिवसांचं विशेष अधिवेशन. आमचा फर्मा, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा संच, छपाईला जायची तारीख १३ जुलै.

अडचण

संपादकबाईंनी ४ जुलैच्या संध्याकाळी एकच वाक्य सांगितलं : “या अधिवेशनात कोण कोण होतं आणि कोण कुठल्या पदावर होतं, तेवढं नीट द्या.” ऐकायला साधं वाक्य. त्यात चार गाठी निघाल्या.

पहिली गाठ बेरजेची. ३ जुलैची अध्यक्षपदाची निवडणूक शिरगणतीने झाली. एकेक सदस्य उभा राहून आपलं नाव आणि क्रमांक सांगत होता. आमचे मुद्रितशोधक काका टीव्हीसमोर प्रूफ मांडीवर घेऊन बसले होते आणि पेन्सिलीने खुणा करत होते. राहुल नार्वेकर यांना १६४, राजन साळवी यांना १०७. समाजवादी पक्षाचे दोन आणि एमआयएमचा एक असे तिघे तटस्थ. बेरीज २७४. खुर्चीत उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ बसले होते, त्यांचं मत नाही : पीठासीन व्यक्ती पहिल्या फेरीत मत देत नाही, समसमान झालं तरच निर्णायक मत देते. म्हणजे २७५. बातम्यांत गैरहजर १२ म्हणत होते. अनिल देशमुख आणि नवाब मलिक त्यातच, दोघेही तुरुंगात होते. एकूण २८७.

काकांच्या प्रूफवर ओळी २८८.

नव्याने लागलेला मुलगा म्हणाला, “एखादं गैरहजर नाव वाहिनीवाल्यांनी सोडलं असेल.” काकांनी मान हलवली. ते एकेका पक्षाची बेरीज करत बसले आणि अर्ध्या तासाने मुंबई उपनगरावर येऊन थांबले. अंधेरी पूर्वचे रमेश लटके मे महिन्यात वारले होते. आमच्या फाइलीत ते अजून आमदार होते. मेच्या प्रूफात ही चूक सुटली, कारण प्रूफ वाचताना आम्ही नावांचं शुद्धलेखन तपासतो. नावामागचा माणूस आहे की नाही, ते तपासत नाही.

शिवसेना ५५, राष्ट्रवादी ५३ आणि भाजप १०६ हे आकडेही तेव्हाच जुळले. पंढरपूरची जागा २०२१ च्या पोटनिवडणुकीत राष्ट्रवादीकडून भाजपकडे गेली होती. देगलूर आणि कोल्हापूर उत्तर इथे नावं बदलली, पक्ष तोच राहिला.

दुसरी गाठ ‘अध्यक्ष’ या शब्दाची. मुलाने वर्तमानपत्रांच्या कात्रणांवरून पदाधिकाऱ्यांचा तक्ता भरला होता. त्यात चौदाव्या विधानसभेचे सहा अध्यक्ष निघाले! कालिदास कोळंबकर, दिलीप वळसे पाटील, नाना पटोले, नरहरी झिरवाळ, भास्कर जाधव, राहुल नार्वेकर. त्याला हसायचं कारण नाही, कात्रणांत प्रत्येकाच्या नावाआधी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा ‘अध्यक्ष’ लिहिलेला होताच. कोळंबकर आणि वळसे पाटील हंगामी अध्यक्ष, म्हणजे अध्यक्ष निवडला जाईपर्यंतचे : एकाने २७ नोव्हेंबर २०१९ ला शपथा दिल्या, दुसऱ्याने ३० नोव्हेंबरचा विश्वासदर्शक ठराव चालवला. भास्कर जाधव तालिका अध्यक्ष, म्हणजे अध्यक्ष-उपाध्यक्ष खुर्चीत नसताना कामकाज चालवणाऱ्या सदस्यांपैकी एक. ५ जुलै २०२१ ला भाजपचे १२ आमदार निलंबित झाले तेव्हा ते खुर्चीत होते, म्हणून कात्रणांत त्यांचं नाव सगळीकडे. झिरवाळ मार्च २०२० पासून उपाध्यक्ष. अध्यक्षपद रिकामं असताना त्या पदाची कर्तव्यं उपाध्यक्ष पार पाडतात, असं घटनेचं कलम १८० सांगतं. त्याने उपाध्यक्ष अध्यक्ष होत नाही. ‘प्रभारी’, ‘कार्यकारी’ ही विशेषणं आपल्या सरकारी कार्यालयांच्या सवयीतून येतात, घटनेतून नव्हे.

तिसरी गाठ सगळ्यात अवघड, पक्षाच्या रकान्याची. शिवसेनेच्या ५५ सदस्यांपुढे काय लिहायचं? ३ तारखेला ३९ शिंदे यांच्या बाजूला, १६ ठाकरे यांच्या बाजूला. ४ तारखेला सकाळी संतोष बांगर ठाकरे यांच्याकडून शिंदे यांच्याकडे आले, म्हणजे ४० आणि १५. दोन्ही बाजू म्हणत होत्या, आम्हीच शिवसेना. व्हीप, म्हणजे मत कसं द्यायचं याचे पक्षादेश, दोघांचेही निघाले होते. गटनेते म्हणून झिरवाळांनी जूनमध्ये अजय चौधरी यांना मान्यता दिली होती. नार्वेकरांनी ३ जुलैच्या रात्री एकनाथ शिंदे यांना गटनेते आणि भरत गोगावले यांना प्रतोद (पक्षादेश काढणारा सदस्य) म्हणून मान्यता दिली. एकाच दोन दिवसांच्या अधिवेशनात ‘शिवसेना : गटनेता, प्रतोद’ या ओळीला दोन उत्तरं होती.

चौथी गाठ विरोधी पक्षनेत्याची. तोवर विरोधी पक्षनेते असलेले देवेंद्र फडणवीस ३० जूनला उपमुख्यमंत्री झाले. अजित पवार यांच्या नावाची घोषणा ४ जुलैला. म्हणजे अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी ही जागा रिकामी, दुसऱ्या दिवशी भरलेली. बाईंचं लक्ष मात्र दुसरीकडे गेलं. विरोधी बाकांवरच्या मोठ्या पक्षाला हे पद मिळतं. राष्ट्रवादी ५३. शिवसेना हा एकच पक्ष धरून तो विरोधात बसला असं मानलं, तर तो ५५ चा. “म्हणजे ही ओळ वरच्या गटनेत्याच्या ओळीवर टेकलीय,” त्या म्हणाल्या. आघाडीने राष्ट्रवादीचं नाव आपसांत ठरवलं होतं, हे खरंच. तरी आकड्यांच्या भाषेत त्यांचं निरीक्षण मला आजही पटतं.

कोणते पर्याय होते

फर्मा थांबवायचा हा पहिला पर्याय. सर्वोच्च न्यायालयात या वादाच्या याचिका पडून होत्या, निकाल लागला की छापू असं एकाने सुचवलं. आज मागे वळून पाहिलं तर हसू येतं : तो निकाल ११ मे २०२३ ला आला, दहा महिन्यांनी. पण त्या दिवशी हा पर्याय मूर्खपणाचा वाटला नव्हता. ११ जुलैच्या सुनावणीकडे सगळ्यांचे डोळे लागले होते.

दुसरा पर्याय, तक्ता मेमधला ठेवून खाली तळटीप टाकायची. सगळ्यात स्वस्त. प्लेटा तयार होत्या. विक्री विभागाला तो आवडला.

तिसरा, शिवसेनेच्या रकान्यात ‘शिंदे गट’ आणि ‘ठाकरे गट’ असं लिहायचं. वर्तमानपत्रं तेच करत होती आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. मी स्वतः याच बाजूचा होतो. काकांनी एका प्रश्नात मला गप्प केलं : “बांगरांच्या पुढे काय लिहिणार, ३ तारखेचं की ४ तारखेचं?”

चौथा पर्याय बाईंचा. पक्षाच्या रकान्याचं नावच बदलायचं : ‘पक्ष’ नव्हे, ‘निवडून येताना पक्ष’. हे २०१९ च्या निकालावरून ठरतं, त्यावर कुणाचा वाद नाही. आणि अधिवेशनात कोण कसं वागलं, ते वेगळ्या तक्त्यात मतांवरून दाखवायचं. ‘गट’ हा आपला शब्द, मत ही सभागृहाची नोंद.

काय केलं

चौथा पर्याय घेतला, पण सरळ नाही. आधी दोन दिवस तिसरा पर्याय वापरून पानं लावली. मतांचा तक्ता लावायला घेतला तेव्हा दिसलं की ३ तारखेची अध्यक्षांची निवडणूक आणि ४ तारखेचा सरकारचा विश्वासदर्शक ठराव, दोन्हींचा आकडा १६४ असला तरी ती माणसं तीच नाहीत. नार्वेकर पहिल्या दिवशी उमेदवार आणि मतदार, दुसऱ्या दिवशी खुर्चीत. बांगर पहिल्या दिवशी साळवींच्या १०७ मध्ये, दुसऱ्या दिवशी सरकारच्या १६४ मध्ये. समोरचा आकडा ९९ वर आला, कारण बरेचसे वेळेवर पोहोचलेच नाहीत. एका रकान्यात ‘गट’ लिहून हे कधीच दाखवता आलं नसतं. लावलेली पानं मोडली.

अध्यक्षांच्या सहा नावांतली दोन ‘अध्यक्ष’ या मथळ्याखाली ठेवली आणि मध्ये एक ओळ घातली : ‘४ फेब्रुवारी २०२१ ते ३ जुलै २०२२ : पद रिक्त, कलम १८० नुसार कर्तव्यं उपाध्यक्षांकडे’. हंगामी अध्यक्षांना वेगळी चौकट दिली. तालिका अध्यक्षांना काहीच दिलं नाही. त्यांची तालिका अधिवेशनागणिक जाहीर होते, पाच वर्षांची यादी केली तर अर्धं सभागृह त्यात येईल.

गटनेता आणि प्रतोद या ओळींत दोन्ही नावं दिली आणि शेजारी एक नवा रकाना टाकला : ‘मान्यता कोणी आणि केव्हा दिली’. हा रकाना बाईंना अनावश्यक वाटत होता, मुलाने हट्ट धरला. त्या नऊ दिवसांतला सगळ्यात चांगला निर्णय हाच, आणि तो खालच्या खुर्चीतून आला.

मंत्रिमंडळाच्या पानाचं काय करायचं, यावर जेवढा वेळ गेला तेवढा जायला नको होता. ३० जूनपासून मंत्रिमंडळात दोनच माणसं होती, मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री. एवढ्या मोठ्या पानावर दोन नावं म्हणजे छपाईची चूक वाटेल, म्हणून आधीचं मंत्रिमंडळ छापावं असा आग्रह झाला. बाई ठाम राहिल्या. दोन नावं, वर तारीख, खाली कोरा कागद. (विस्तार ९ ऑगस्टला झाला.)

१२ निलंबितांचा एक जुना हिशेबही याच वेळी मिटवला. २०२१ च्या आवृत्तीत आम्ही भाजपच्या संख्येतून १२ वजा करून ठेवले होते. ते साफ चूक होतं : निलंबित सदस्य सभागृहात बसू शकत नाही, पण तो सदस्य असतोच, त्याची जागा रिकामी होत नाही. २८ जानेवारी २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नेमकं यावरच बोट ठेवलं. हकालपट्टी झाली तर जागा रिकामी होते आणि सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. वर्षभर निलंबित केलं तर जागा भरलेलीही नाही आणि रिकामीही नाही, मतदारसंघ मात्र बिनआवाजाचा. म्हणून चालू अधिवेशनापलीकडचं निलंबन घटनाबाह्य ठरलं. आमच्या वजाबाकीने त्या १२ मतदारसंघांचं कागदावर तेच केलं होतं.

परिणाम

पुस्तक जुलैअखेर बाजारात आलं. पहिली तक्रार आठवड्याभरात आली आणि ती अंधेरी पूर्वची होती. एका क्लासच्या सरांनी फोन करून सांगितलं की १६६ क्रमांकाच्या मतदारसंघात नाव छापायचं राहिलंय, मुलं विचारताहेत. आम्ही त्या ओळीत नुसती आडवी रेघ ओढली होती. एवढ्या कष्टाने शोधून काढलेली रिकामी जागा वाचणाऱ्याला मुद्रणदोष वाटली. मंत्रिमंडळाच्या कोऱ्या पानाबद्दल मात्र एकही फोन आला नाही, कारण तिथे तारीख होती.

‘निवडून येताना पक्ष’ या रकान्याने नोव्हेंबरमध्ये आम्हाला एक गंमत दाखवली. अंधेरी पूर्वच्या पोटनिवडणुकीत ऋतुजा लटके निवडून आल्या. मधल्या काळात निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव गोठवून दोघांना तात्पुरती नवी नावं दिली होती. त्यामुळे दुसऱ्या आवृत्तीच्या तक्त्यात ५५ जणांपुढे ‘शिवसेना’ आणि एका ओळीत ‘शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे)’. चौदाव्या विधानसभेत त्या नावावर निवडून आलेल्या त्या एकट्याच. नाव आणि धनुष्यबाण शिंदे यांच्याकडे गेले ते १७ फेब्रुवारी २०२३ ला. आमच्या रकान्याला त्याचा धक्का लागला नाही. ‘शिंदे गट’ छापलं असतं तर सगळी पानं पुन्हा लावावी लागली असती.

मुलाच्या रकान्याची परीक्षा मे २०२३ मध्ये झाली. घटनापीठाने गोगावले यांना ३ जुलैला दिलेली मान्यता बेकायदा ठरवली : प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नाही. उद्धव ठाकरे यांनी बहुमत चाचणीआधीच राजीनामा दिल्यामुळे त्यांना परत आणता येत नाही, हेही त्याच निकालात. मग आमची ओळ चुकीची ठरली का? ओळ म्हणत होती, अध्यक्षांनी ३ जुलै २०२२ ला मान्यता दिली. ती दिली होतीच. शेजारी आणखी एक नोंद वाढवली, जुनी खोडली नाही.

पुन्हा करायचं झालं तर

पहिली गोष्ट, शिरगणतीची बेरीज शेवटी करणार नाही, सुरुवातीला करीन. काकांनी टीव्हीसमोर पेन्सिल घेतली नसती, तर दिवंगत आमदार छापून गेले असते. मतांची बेरीज आणि यादीतल्या ओळी जुळवणं हे वीस मिनिटांचं काम आहे, आणि आजही कितीतरी ठिकाणी कुणी ते करत नाही.

तारीख. मुखपृष्ठावर आम्ही ‘अद्ययावत’ असं छापलं होतं. तो शब्द मीच घातला होता. अशा पुस्तकावर तो खोटाच असतो, फक्त कधीपासून खोटा ते बदलतं. आता आतल्या प्रत्येक तक्त्यावर ‘अमुक तारखेच्या कामकाजाअखेर’ असं येतं.

मतांचा तक्ता द्यावा की नाही, याबद्दल मात्र मी अजून द्विधा आहे. त्याने दोन पानं खाल्ली आणि परीक्षेला त्यातलं काही येत नाही, अशी विक्री विभागाची तक्रार होती आणि ती खोटी नाही. पण विधानसभेत कोण कुठे आहे याची खात्रीची नोंद तेवढीच असते. पुढच्या आवृत्तीत आम्ही तो काढला. मला तो निर्णय आवडलेला नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये पंधराव्या विधानसभेचा तक्ता लावायला घेतला. हंगामी अध्यक्षांच्या चौकटीत पुन्हा कोळंबकर, अध्यक्षांच्या ओळीत पुन्हा नार्वेकर, ‘निवडून येताना पक्ष’ या रकान्यात दोन शिवसेना आणि दोन राष्ट्रवादी, या वेळी अगदी अधिकृत. विरोधी बाकांवरच्या सगळ्यात मोठ्या पक्षाचे सदस्य २०. विरोधी पक्षनेतेपदासाठी धरला जाणारा दहा टक्क्यांचा, म्हणजे २९ चा आकडा कुणाकडेच नव्हता आणि पहिल्या अधिवेशनात विरोधी पक्षनेता झालाच नाही. त्या ओळीत काय लिहायचं यावर पुन्हा अर्धा दिवस गेला. ‘रिक्त’ लिहिलं तर पटोलेंनंतरच्या खुर्चीसारखं वाटतं. आडवी रेघ ओढली तर क्लासच्या सरांचा फोन. तो मुलगा आता हे प्रकरण एकटाच सांभाळतो. त्याने ओळ लिहिली : ‘या अधिवेशनात अध्यक्षांनी कोणालाही मान्यता दिलेली नाही.’ आणि शेजारच्या रकान्यात तारीख टाकली.